पेव पौषातच फोडायचं

नवी छागल पाझरतेच. तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी गाडीवान तावातावानं बीडला आमच्या दुकानात यायचा, ओली छागल फळीवर आपटायचा आणि म्हणायचा, फसवलंत मला. छागल म्हणजे चामड्याची पाण्याची पिशवी. बैलगाडीला नाहीतर घोड्याच्या खोगिराला लटकवायची, मग वैशाखाच्या उन्हातसुद्धा घोट गार लागायचा. आमच्या ह्यांचा तोच धंदा. गिऱ्हाईक कितीही तापलं तरी हे तापायचे नाहीत. छागल उचलायचे, टाक्यांवरून बोट फिरवायचे आणि परत त्याच्या हातात द्यायचे. दोरा पाणी पिऊन फुगतो, भोक आपोआप बुजतं, चार-आठ दिवस भरून टांगून ठेवा आणि तिला हात लावू नका, एवढंच सांगायचे. गिऱ्हाईक पुटपुटत जायचं आणि परत यायचं नाही. म्हणजे छागल टिकली असं आम्ही धरून चालायचो.

हे मी सांगते आहे आणि नात लिहून घेते आहे. मधेच ती माझे शब्द सुधारते, मग मी ते पुन्हा बिघडवते. आजीनं काहीतरी मोठं सांगावं असं तिच्या मनात आहे. मोठं कुठून आणू? हातात आलेला पैसा कसा ठेवायचा हे आम्ही नवराबायको कसं शिकलो, एवढंच सांगण्यासारखं आहे. तेही मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं, हाली रुपया चालायचा तेव्हाचं.

आमच्या घरात सुई त्यांची. पोतं फाटलं, गोधडी विरली, वहाणेचा अंगठा तुटला, माझी चोळी उसवली, सगळं त्यांच्यापुढं नेऊन ठेवायचं. लग्न नवं होतं तेव्हा मी एकदा एका पोत्याला दाभणानं चार टाके घातले. दाभण म्हणजे पोती शिवायची जाड सुई. ह्यांनी ते टाके बघितले, उसवले आणि पुन्हा घातले. मला असा राग आला, की पुढचे दोन दिवस मी भाकरी त्यांच्या ताटात आपटूनच वाढली. पुढे कळलं, की माणसाला एकच गोष्ट मनासारखी येत असली की ती दुसऱ्यानं वाकडी केलेली त्याला बघवत नाही. मी दाभणाचा नाद सोडला.

तर धंदा चार महिन्यांचा. फाल्गुनात ऊन तापायला लागलं की गिऱ्हाईक, मृगाचा पाऊस पडला की संपलं. गाडीवान घ्यायचे, बाजाराला निघालेले व्यापारी घ्यायचे, अंबाजोगाईच्या छावणीतले घोडेस्वार तर एकदम गठ्ठ्यानं घ्यायचे. चार महिने पैसा यायचा आणि पुढचे आठ महिने आम्ही तो खायचो आणि पुढच्या सालच्या छागली शिवायचो. म्हणजे मृगाच्या सुमाराला घरात जो पैसा असेल तो नीट राहिला तर ठीक, नाहीतर बोंब.

आणि तो नीट राहायचा नाही. शिवताना जो माणूस टाक्याला टाका भिडवायचा, तोच माणूस पैसा हातात आला की बाजारातल्या कोणाच्याही मागे जायचा. एका उन्हाळ्यात आवई उठली, की हाली बंद होणार. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. एक देऊन दुसरा घ्यायचा तर वर बट्टा द्यावा लागायचा आणि तो बट्टा रोज वरखाली व्हायचा. ह्यांनी घरातले होते नव्हते तेवढे हाली नेले आणि चढ्या बट्ट्यानं कलदार घेऊन आले. श्रावण आला तरी हाली बंद होईना. उलट किराणेवाला म्हणायला लागला, कलदार नको बाबा, त्याची मोड कुठून देऊ? मग बट्टा उतरल्यावर हे परत गेले आणि कलदार देऊन हाली आणले. जाताना नुकसान, येताना नुकसान. मी विचारलं, आणखी एक चक्कर मारून येता का, म्हणजे पैशाचं गाडगं मोकळंच होईल, मला घासायला बरं. त्यावर हे हसले. हसले! मला हसू येत नव्हतं.

पुढच्या साली कापूस. कोणीतरी सांगितलं कापसाचं सोनं होतंय, ह्यांनी गठाणीत वाटा घेतला. सोनं झालं असेल, पण ते दुसऱ्याच्या घरी. त्या पावसाळ्यात आम्ही मिरचीच्या पाण्याशी भाकरी खाल्ली आणि मी माझ्या पाटल्या मोडल्या. मोडताना रडले नाही. घरी येऊन रडले.

असं किती वर्षं चाललं असतं कोणास ठाऊक. पण ह्यांचा उजवा अंगठा आखडायला लागला. सकाळी हात कोमट पाण्यात धरून बसायचे, मग अंगठा वळायचा. छागलीचा टाका ओढायचा म्हणजे सगळा जोर अंगठ्यावर. हकीमसाहेबांकडे गेलो. त्यांनी अंगठा दाबून बघितला, तेल दिलं आणि ह्यांना बाहेर पाठवून मला सांगितलं, की तेलानं दुखणं थांबेल, अंगठा थांबायचा थांबणार नाही. दोन वर्षं, चार वर्षं, मग तो लाकडासारखा होणार. पोटाला दुसरं काहीतरी बघून ठेवा बेटी, असं ते म्हणाले. आम्हाला एकच मुलगी, तीही तेव्हा परकराची. हकीमसाहेब काय म्हणाले ते मी ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनीही विचारलं नाही. दाराबाहेर उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

दुसरं काहीतरी म्हणजे काय, हे आमच्या डोळ्यांसमोरच होतं. आमचं दुकान किरायाचं. गाळा एका म्हाताऱ्या फळवाल्यांचा, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचे लागूनलागून दोन गाळे, एकात आम्ही, एकात त्यांची फळं. त्यांचा मुलगा हैदराबादला नोकरीला होता आणि आज ना उद्या चाचाही तिकडेच जाणार होते. ते आम्हाला म्हणाले होते, विकीन तेव्हा आधी तुम्हाला विचारीन. एक गाळा आपला झाला तर दुसऱ्या कारागिरांच्या छागली घेऊन विकता येतील, डाळ-भाकरी चालेल. दोन झाले तर एक किरायानं देता येईल, मग मुलीचं लग्नही निघेल. हात थांबायच्या आत गाळा घ्यायचा, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. उठता-बसता तेच.

त्या चैत्रात मी माहेरी, तलवाड्याला गेलते. वडील तेव्हा होते. गावाच्या उंच अंगाला पक्का मुरूम आहे, तिथं सगळ्यांची पेवं. पेव म्हणजे जमिनीतली ज्वारीची कोठी. वर तोंड लहान, आत रांजणासारखं पोट. आत आधी जाळ करून भिंती कोरड्या करायच्या, कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा, मग फरशी आणि माती. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. वडील पेव भरत होते आणि मी शेजारी बसून माझं गाऱ्हाणं सांगत होते, की पैसा टिकत नाही, ह्यांना चैन पडत नाही, रोज बाजारात जाऊन कान देऊन येतात.

वडिलांचं बोलणं कमी. ते म्हणाले, "पेवाचं एकच हाय. मधी उघडून बघायचं न्हाई. वारा शिरला, वल शिरली, की ज्वारी गेली. फोडलं की रिकामं करायचं. आन फोडायचं ते पौषात."

पौषातच का, हे मी विचारलं. त्यांना असल्या प्रश्नांचा कंटाळा यायचा, तरी सांगितलं. पावसाची ओल तोवर जमिनीतून गेलेली असते. नवी ज्वारी अजून शेतात उभी असते, म्हणून जुनीला भाव असतो. शिवाय पौष भाकड, लग्नकार्य नाही, त्यामुळे आलेला पैसा कोणाच्या मांडवात जात नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं. बीडच्या घरात पैसा ठेवला तर हे रोज त्याला हात लावणार. तलवाड्याच्या जमिनीत ठेवला तर गाडी जुंपून एक दिवस जायला लागणार. ह्यांच्या आळशीपणाचाच फायदा घ्यायचा.

घरी आले आणि ह्यांच्यापुढं मांडलं. उन्हाळ्याच्या पैशाचे तीन वाटे. एका वाट्याचं चामडं आणि वर्षाचं खाणं. एका वाट्याची ज्वारी, चैत्र-वैशाखात स्वस्त असते तेव्हा घ्यायची, तलवाड्याच्या पेवात घालायची, पौषात फोडायची, आलेले पैसे गाळ्याच्या गाडग्यात. तिसऱ्या वाट्याच्या शेळ्या, पाली गावातल्या एका घरात अर्धलीनं. म्हणजे सांभाळणार ते, करडं निम्मी त्यांची निम्मी आमची. पाठी, म्हणजे मादी करडं, ठेवायच्या, बोकड बकरी ईदेच्या आधी विकायचे. ईद काही आपल्या महिन्यांत बसत नाही, दरवर्षी मागे सरकते, पण ती आली की बोकड जाणार हे ठरलेलं. आणि सगळ्यात मोठी अट ही, की चैत्रापासून पौषापर्यंत घरात ज्वारीचा भाव काढायचा नाही. कितीला चालली, कोण काय म्हणालं, काही नाही.

ह्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मग माझं तोंड बघितलं आणि बरं म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात भाव हा शब्द बंद. हे वांगी घेऊन आले तरी मला विचारायचे, वांगं कसं दिलं असंल सांग बरं. मी म्हणायचे, फुकट दिलं असंल, तुमचं तोंड बघून.

पहिलं साल सरळ गेलं. पौषात आम्ही दोघं तलवाड्याला गेलो, माझ्या भावानं पेव फोडलं, ज्वारी निघाली, भिंतीकडची थोडी काळी पडलेली सोडली तर चांगली. गेवराईचा व्यापारी गाडी घेऊन आलता. पोती भरली आणि पोत्यांची तोंडं शिवायला हे बसले. भावानं दाभण पुढं केलं होतं, पण ह्यांनी खिशातून स्वतःचं काढलं. एक पोतं, दोन पोती, बघणाऱ्यानं बघत राहावं असे टाके. व्यापारी म्हणाला, या पोत्यात पाणी भरून नेलं तरी चालेल. हे खूश. मी उन्हात बसून गूळ-शेंगा खात होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपलं बरं चाललं आहे.

दुसऱ्या साली भादव्यात घोटाळा व्हायची वेळ आली. हे बाजारातून आले ते पायातल्या वहाणासुद्धा न काढता माझ्यापुढं उभे. शब्द काढायचा नाही म्हणून काढला नाही, पण बोटांनी वर, आणखी वर, असं दाखवत होते. कोणा अडत्यानं सांगितलं होतं, की आत्ताच विका, दिवाळीला उतरेल. ह्यांनी गाडीही ठरवून ठेवली होती. नुसतं बघून येऊ, फरशी उचलू, चार पोती काढू, परत बंद करू. मी भांडले नाही. त्या दिवशी कोपऱ्यात एक नवी छागल पाणी भरून टांगलेली होती आणि तिच्यातून थेंब पडत होता. मी तिच्याकडे बोट केलं.

"ही पाझरतीया," मी म्हणाले. "खोलून पुन्हा शिवता का?"

हे छागलीकडे बघत राहिले. मग बाहेर गेले आणि गाडीवानाला नको म्हणून सांगून आले. दिवाळीला भाव उतरला का चढला, मला आठवत नाही. मी विचारलाच नव्हता.

सगळं सुरळीतच झालं असं मात्र कोणी समजू नये. तिसऱ्या साली पालीला शेळ्यांना रोग आला आणि बऱ्याच मेल्या. ईदेला विकायला एक बोकड राहिला नाही. अर्धलीवाली बाई आमच्या दारात येऊन रडली, तिचंही तेवढंच गेलं होतं. शेजारणी मला म्हणाल्या, बघ, एवढा कायदा लावलास आणि काय झालं. मी म्हणाले, तीन वाटे केले म्हणून एकच गेला. म्हणाले खरं, पण रात्री मलाच ते पटेना. हे मात्र म्हणाले, राहिलेल्या पाठी आहेत तिथं राहू दे. अंगठा तेव्हा सकाळच्या कोमट पाण्यानं वळायचा थांबला होता, दुपारपर्यंत वेळ लागायचा.

चौथ्या साली पाऊस गेला. मृगात चांगला पडला, पुढे नावाला नाही. श्रावण कोरडा, भादवा कोरडा, रब्बीची पेरणी कोणाची झालीच नाही. बाजारात अफवांचं पेव फुटलं आणि आमचं खरं पेव तलवाड्यात गप पडून होतं. भाव हा शब्द घरात बंद होता खरा, पण तो रस्त्यावर इतक्या मोठ्यानं बोलला जात होता, की कान बंद करून पाणी भरायला जाता येत नाही. आडावर बायका तेच बोलायच्या. दसऱ्याला काय होता, दिवाळीला काय झाला. माझ्या मनात आकडे जमायला लागले. नियम करणारी मी, आणि रोज आडावरून घागरीबरोबर भाव घेऊन येणारीही मीच.

ह्यांचं त्या साली काही वेगळंच. घरी शिवायला बसायचे नाहीत. चामडं कापायचे, गुंडाळायचे आणि गल्लीपलीकडे एका दोस्ताच्या पडवीत जाऊन बसायचे. म्हणायचे, तिकडं उजेड बरा हाय. संध्याकाळी शिवलेल्या छागली घेऊन यायचे. मला त्याचं बरंच वाटायचं, घरात चामड्याचा वास कमी. मी आपली ज्वारीच्या भावाच्या हिशोबात.

मार्गशीर्ष संपत आला आणि मी ह्यांना म्हणाले, या साली पौषात नको. भाऊ आलता भेटायला. गावात जाणती माणसं सांगतायत, ज्येष्ठापर्यंत थांबलं तर आत्ताच्या दीडपट, कदाचित दुप्पट. नवी ज्वारी येणारच नाही तर पौषाचं कारणच राहिलं नाही. आत्ता विकलं तर गाडग्यातले धरून एक गाळा होतो. ज्येष्ठात विकलं तर दोन्ही.

भाऊ माझ्या बाजूचा. तो म्हणाला, दाजी, आक्का बरोबर म्हणती.

हे छागलीचा पट्टा डाव्या हातानं चोळत बसले होते. "पौषात फोडायचं," म्हणाले.

"अवं, पन साल बघा ना."

"असं साल, तसं साल, असं काय ठरलं नव्हतं. पौष ठरलंय."

मी लई बोलले. जे बोलायला नको तेही बोलले. कलदार काढले, कापूस काढला, माझ्या पाटल्या काढल्या. म्हणाले, जन्मभर बाजारामागं पळालात आणि आज एकदाच खरं पळायची वेळ आली तर पाय धरून बसलात. नियम माझा आहे, मोडायचा असेल तर मी मोडीन. हे उठले, पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन बसले.

"छागल पाझरतीया म्हनून खोलायची न्हाई," ते म्हणाले. "आन चांगली मुरली म्हनून आठ दिवसांची सोळा दिवसं बी टांगून ठेवायची न्हाई. वापरायला काढायची."

मी उठून आत गेले आणि भांडी आपटली. पौष लागला. मी गाडीत बसले. बीड ते तलवाडा सगळी वाट मी तोंड फिरवून बसले होते, आणि दोन्ही बाजूंना नुसती काळी उघडी रानं.

पेव फोडलं की लगेच आत उतरायचं नाही, आत कोंडलेली वाफ माणूस मारते. भावानं आदल्या दिवशी फरशी काढून ठेवली होती. सकाळी दोरीनं कंदील आत सोडला. तो जळत राहिला तेव्हा भाऊ उतरला. ज्वारी निघाली ती सोन्यासारखी, त्या साली ओलच नव्हती तर काळी कुठून पडणार. गावातले लोक येऊन उभे राहिले. ह्यांनी भावाच्या घरचं आणि मागणाऱ्या चार घरांचं आधी मोजून बाजूला काढायला लावलं, मागच्या पौषाच्या दरानं. मी पाठ करून पोती झटकत राहिले.

पोती भरली. व्यापाऱ्याची गाडी उभी. भावानं शिवायची सुतळी आणून दिली आणि तो पुन्हा पेवात उतरला. हे पोत्यापाशी बसले. खिशातून आपलं दाभण काढलं. सुतळी ओवली, डाव्या हातानं, तोंडात धरून. मग पोत्याचं तोंड जुळवलं आणि थांबले. मला वाटलं काहीतरी अडकलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दाभण माझ्यापुढं धरलं.

"तू शीव," म्हणाले.

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. अंगठा सरळ होता, पोत्याच्या कडेवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. तो केव्हापासून असा होता? पडवीतला उजेड, तो दोस्त, संध्याकाळी शिवून आलेल्या छागली, सगळं मला त्या एका क्षणात कळलं. शिवत होता तो दोस्त. हे नुसते शेजारी बसून टाके सांगत होते. त्याला मजुरीही देत असणार, आणि ती मजुरी आपल्या पान-तंबाखूतून.

मी शिवायला बसले. डोळ्यांत पाणी आलं की टाका दिसत नाही, म्हणून मी नाक पुशीत पुशीत शिवलं. माझे टाके वाकडे आणि लांब. एकातून चार दाणे गळाले. हे उसवतील म्हणून मी थांबले.

"असू दे," ते म्हणाले. "ज्वारीच हाय, पानी न्हाई."

सगळी पोती मी शिवली.

पौषात खरेदी नको म्हणून माघ लागला तेव्हा आम्ही गाळा घेतला. आपला होता तोच. फाल्गुनात चाचांच्या मुलाचा निरोप आला आणि ते होळीच्या आधीच हैदराबादला निघाले. दुसरा गाळा एका बांगडीवाल्यानं घेतला. चाचा इतक्या लवकर जातील हे ना मला ठाऊक होतं ना ह्यांना, त्यामुळे आम्ही शहाणे ठरलो असं मी म्हणत नाही. ज्वारीचं म्हणाल तर ती ज्येष्ठापर्यंत खरंच दुपटीच्या आसपास गेली. मी विचारायला गेले नव्हते. पण असल्या बातम्या सांगायला लोक घरापर्यंत चालत येतात, बसतात, पाणी मागतात आणि सांगतात. ऐकून मला वाईट वाटलं. वाटणारच. दोन गाळे हे दोन गाळे असतात.

त्या उन्हाळ्यात हे गाळ्यात गादीवर बसायचे आणि दुसऱ्यांनी शिवलेल्या छागली विकायचे. एक गाडीवान ओली छागल घेऊन भांडायला आला. ह्यांनी ती घेतली, डाव्या हाताचं बोट टाक्यांवरून फिरवलं आणि नेहमीचंच सांगून परत दिली. तो गेल्यावर दुकानात आम्ही दोघंच होतो. इतके महिने मनात धरलेलं मी त्यांना विचारलं.

"अंगठा कधी थांबला?"

"आश्विनात."

"मग तवाच कावून न्हाई सांगितलं मला?"

त्यांनी छागलींची रांग नीट लावली, एक मागे सरकवली, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तवाच सांगितलं असतं तर तू आश्विनातच पेव फोडलं असतंस."

फोडलं असतं. त्याच दिवशी गाडी जुंपून गेले असते, हातांनी माती उकरली असती, मिळेल त्या भावानं विकून हैदराबादच्या डाक्टरपर्यंत घेऊन गेले असते. मग ना अंगठा वळला असता, ना हा गाळा आला असता. पदरानं गादीची धूळ झटकली आणि त्यांच्या शेजारी बसले.